वीस अंशांची खोली

१

तिला सगळे मायक्रॉनबाई म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिच्या कानावर आलेलं होतंच, आणि मनातून तिला ते आवडायचंही. डोक्यावरच्या एका केसाचे उभे सत्तर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे साधारण एक मायक्रॉन. एवढ्याशा भागापायी जी बाई डब्यातलं जेवण गार होऊ देते, तिला दुसरं काय म्हणणार?

मोजमाप प्रयोगशाळेत लांबीचा विभाग तिच्याकडे होता. कारखान्यांतून पोलादाचे गुळगुळीत ठोकळे यायचे. प्रत्येकावर त्याची लांबी कोरलेली असायची, आणि ठोकळा आपल्या शब्दाला किती जागतो ते मोजून सांगणं हे तिचं काम. पूर्णपणे कुठलाच जागत नाही, ही या धंद्यातली पहिली शिकवण. काही मायक्रॉनांनी कमी भरतो, नाहीतर जास्त. वजन विभागाचे प्रमुख म्हणायचे, "बाई, ज्याच्यात चूक नाही ते अजून मोजलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ." हे गृहस्थ काडीसारखे सडपातळ होते, म्हणून त्यांना वजनदार म्हणत.

मोजायची खोली तळघरात होती. तिला एकामागे एक दोन दारं, आणि एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आतल्या दाराला तळहाताएवढी काच. आत उन्हाळा-हिवाळा काही नाही, बारा महिने वीस अंश. पोलाद उबेने फुगतं आणि गारठ्याने आक्रसतं, त्यामुळे लांबी सांगायची ती वीस अंशांवरची, असं जगभरच्या मोजणाऱ्यांनी कधीच ठरवून टाकलं आहे. बाहेरून आलेला ठोकळा काही तास आत नुसता ठेवून द्यायचा. त्याला रुळू देणं म्हणत. रुळल्याशिवाय मोजलं तर ते खोटं.

त्या खोलीची खरी अडचण म्हणजे माणूस. माणूस ही चालतीबोलती शेगडीच. कोणी आत गेलं की बाहेरच्या भिंतीवरच्या तापमानाच्या आकड्यात शेवटचं घर हळूच वर सरकायचं. म्हणून आत शिरण्याआधी आकडा बघायचा रिवाज होता. आकडा चढलेला असला की आत कोणी आहे, थांबायचं. वजनदार तर नुसत्या आकड्यावरून आत एकजण आहे की दोघं हे सांगून चहाच्या पैजा जिंकायचे.

घरी तिची आठ वर्षांची मुलगी होती. जन्मापासून मुलीचा उजवा पाय डाव्याहून आखूड, दोन सेंटिमीटरला जरासा कमी. त्या बुटाला जाड तळ लावलेला असायचा. बाप वाद्यं दुरुस्त करायचा, कानाचा पक्का. तो लाडाने तिला दीडकी म्हणायचा, कारण चालताना तिचं एक पाऊल पूर्ण पडे आणि दुसरं अर्धं. शाळेतून आली की जिन्यावर आवाज यायचा, धप्प-टप, धप्प-टप. तो ऐकला की आईच्या जिवात जीव यायचा.

पाच वर्षांची होईपर्यंत आईने तिला डाव्या कडेवर वागवलं होतं. त्यामुळे आईचा डावा खांदा कायमचा उतरला होता आणि पिशवीचा पट्टा त्यावर ठरायचा नाही. त्याची तिने कधी तक्रार केली नाही. पण मुलीचे पाय एकदा सारखे व्हावेत, एवढं एक मागणं मात्र तिच्या मनात रोज असायचं.

२

सुरुवात एका ठोकळ्यापासून झाली. तो शून्य भरला.

म्हणजे कोरलेली लांबी आणि मोजलेली लांबी यांत फरकच नाही. तिने भुवई उंचावली आणि पुढचा लावला. तोही शून्य. त्या पेटीतले सगळेच शून्य.

असं झालं की वस्तूचं कौतुक करायचं नसतं, यंत्राचे कान धरायचे असतात. तिने यंत्र पुसलं, सुईसारखं त्याचं टोक बदललं, तुलनेचा ठोकळा बदलला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कारखान्याची पेटी घेतली. हा कारखाना गलथानपणाबद्दल सुप्रसिद्ध होता. त्याचेही ठोकळे बावनकशी निघाले.

"नशीब काढलंत," वजनदार म्हणाले. "आता कारखानेच शहाणे झाले म्हणायचे."

"सगळे एकाच आठवड्यात?"

"घ्या, चूक सापडली तरी कुरकुर आणि नाही सापडली तरी कुरकुर."

तीही हसली. मग निघताना तिने बाहेरचा आकडा बघितला. खोलीत कोणी नव्हतं, कारण शेवटी बाहेर आली ती तीच, आणि त्यालाही तास उलटून गेला होता. तरी आकडा वीसच्या केसभर वर होता.

तिने यंत्रं सांभाळणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने तासभर खुडबूड केली आणि हात पुसत सांगितलं, "मॅडम, कूलिंगची मशीन ठणठणीत आहे. आत कोणीतरी उभं आहे असं तिला वाटतंय, त्याला मी काय करू?"

३

खोलीत एक लाकडी खुर्ची होती. तिचा एक पाय तोकडा, म्हणून ती डुगडुगायची. बसायच्या आधी कागदाची घडी पायाखाली सारायची सवय तिला इतकी जडली होती की त्या दिवशीही तिने घडी सारली, आणि खुर्ची डुगडुगली. घडी काढली तर गप्प.

लाकूड आहे, बसलं असेल, तिने स्वतःला समजावलं. तशी ती शंकेखोर, पण शंका वस्तूंवर घ्यायची. खोलीवर शंका घेणं म्हणजे जमिनीवर शंका घेणं. मग उभं कुठे राहायचं?

संध्याकाळी ती चालत घरी आली. दारात पिशवी उतरवायला हात नेला तेव्हा लक्षात आलं की वाटेत पट्टा एकदाही घसरला नव्हता. आरशासमोर उभी राहून ती खांदे बघत राहिली. ते एका ओळीत होते.

"काय बघतेस गं एवढं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. ताठ झालेय असं वाटतंय."

"बरंय की. पोक काढून बसू नकोस म्हणून मी घसा कोरडा केला, तेव्हा नाही ऐकलंस."

४

प्रत्येक मोजमाप-खोलीत एक खोटा ठोकळा ठेवलेला असतो. मुद्दाम चुकीचा घडवलेला, आणि चूक किती ते सगळ्यांना ठाऊक असलेला. यंत्र आंधळं झालं का ते बघायला तो लावतात. तिने तो लावला. शून्य.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर यंत्र सगळ्यालाच शून्य म्हणत होतं, नाहीतर खोटा ठोकळा खरा झाला होता. दुसरी गोष्ट होऊच शकत नव्हती, म्हणून पहिलीच झालेली असणार. पण हे सिद्ध कसं करायचं? काही मायक्रॉनांची चूक डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. यंत्रावर विश्वास नसेल तर दुसरा साक्षीदार नाही. तिला अशी वस्तू हवी होती जिची चूक कोणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसेल. मग यंत्र शून्य म्हणालं की ते खोटं बोलतं, हे उघड होईल.

ती घरी भाजी चिरत यावर विचार करत होती. जिन्यावर आवाज आला, धप्प-टप, धप्प-टप.

तिच्या हातातली सुरी थांबली. पुढे तिने स्वतःला बरंच समजावलं: साधी पडताळणी आहे, पोरीला काही इजा नाही, आणि तिचे पाय नेमके मोजून मिळाले तर डॉक्टरांनाही बरंच. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण खुर्ची आणि खांदे या दोन गोष्टी तिने त्या विचारांत धरल्या नाहीत. त्या मनाच्या मागच्या खोलीत होत्या, आणि त्यांच्याकडे न बघताही त्या तिथे आहेत हे तिला पक्कं ठाऊक होतं.

५

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती मुलीला घेऊन गेली. पहारेकऱ्याने मुलीला लिमलेटची गोळी दिली आणि तळघराचा दिवा लावला.

"इथे काय करायचं, आई?"

"आधी नुसतं बसायचं. रुळायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे खोलीला तुझी सवय व्हायला हवी, आणि तुला खोलीची."

मुलगी खुर्चीवर बसली, पाय हलवत. खोलीत आवाज म्हणून नव्हता. गारव्याच्या यंत्राची घरघरही भिंतीपलीकडे राहायची, त्यामुळे मुलगी गोळी चोखतेय तेही ऐकू येत होतं.

"गार लागतंय."

आईने अंगातला स्वेटर काढून तिला घातला. बाह्या लोंबायला लागल्या तशी मुलगी हसली आणि त्या झटकून पक्षी पक्षी खेळली. थोड्या वेळाने तिचं खेळणं थांबलं. मग गोळीचा आवाजही थांबला. ती समोर भिंतीकडे बघत बसली, शहाण्या मुलीसारखी.

आईने तिला दगडी मेजावर निजवलं. स्वेटर अडचणीचा होता, तो काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. दोन्ही टाचांना यंत्राची टोकं टेकवली आणि आकडा बघितला. शून्य.

यंत्र बिघडलं होतं तर. तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मान वर केली. मग तिने पाय बघितले.

दोन्ही टाचा एका रेषेत होत्या. तिने गुडघे जुळवले, कंबर सरळ केली, पुन्हा बघितलं. पट्टी लावली. तिला रडू फुटलं. मुलीला उराशी धरून ती तिथेच उभी राहिली, आणि काय झालं, कसं झालं हे त्या क्षणी तिने विचारलं नाही. मागितलेलं मिळालं की माणूस पावती बघत नाही.

बाहेर पडताना दोघी दोन दारांमधल्या चिंचोळ्या जागेत उभ्या होत्या. आतलं दार लागलं. मुलगी वळून काचेकडे बघत होती.

"आई, ती राहिली ना."

"कोण राहिली?"

मुलीने थोडा विचार केला. "काही नाही," ती म्हणाली.

स्वेटर आत राहिला, हे आईला रस्त्यात आठवलं. बाहेर ऊन होतं, म्हणून ती परत गेली नाही.

६

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, वाढीच्या वयात शरीर आपणहून भरून काढतं. असं त्यांनी याआधी कधी पाहिलं होतं का, हे त्यांनी सांगितलं नाही. नवे बूट आले, दोन्ही एकसारखे.

नवरा पहिल्या दिवशी पोरीला उचलून घरभर नाचला. दुसऱ्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली तेव्हा त्याने आतून विचारलं, "कोण आहे?" तिसऱ्या दिवशीही विचारलं. सारखी पडणारी पावलं कोणाचीही असू शकतात. शेजारणीची, टपालवाल्याची, कोणाचीही.

"सवय नाही अजून," तो ओशाळून म्हणाला. मग आठवडाभराने, तंबोऱ्याची तार लावता लावता, "अगं, ती सुरात गाते हल्ली."

"मग चांगलंच आहे."

"पूर्वी वरच्या पट्टीत गेली की जरा चढायची. मी चूक दाखवली की केवढी डाफरायची. आता चढत नाही, डाफरत नाही. सांगितलं तेवढं गाते आणि थांबते." त्याने तार सोडली. "मला भीती वाटते गं. आपल्याच पोरीची भीती वाटते म्हटल्यावर बाप कसला मी?"

तिलाही भीती वाटत होती. मुलगी वाढलं तेवढं जेवायची, भांडायची नाही, झोपेत कूस बदलायची नाही. आई तिच्या उशाशी बसायची आणि धप्प-टप ऐकू यावं म्हणून कान टवकारायची. मन चिंती ते वैरी न चिंती. पोर धडधाकट समोर असताना पोर हरवल्याचं दुःख तिला होत होतं, आणि आपणच ते मागून घेतलं या विचाराने अन्न गोड लागत नव्हतं.

ती रोज त्या खोलीत जाऊन शोधायची. काय, ते तिला सांगता आलं नसतं. खुर्चीच्या पाठीवर स्वेटर नव्हता. मेजाखाली नव्हता, कपाटात नव्हता. खोलीत दुसरं कोणीच गेलं नव्हतं. ती कोपऱ्याकोपऱ्यात उभी राहायची, हाक मारायची, दमून खुर्चीवर बसायची. मग बाहेर यायची.

आणि रोज बाहेर येताना तिची भीती आदल्या दिवशीपेक्षा थोडी कमी झालेली असायची. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला त्याची भीती वाटायला हवी होती. जरा वाटलीही. पुढे तेवढीही वाटेना.

"तू हल्ली रडत नाहीस," नवरा एकदा म्हणाला.

"कशासाठी रडायचं?" तिने विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

७

तपासणी पथक दुपारी यायचं होतं. शाळा बंद, नवरा कामावर, म्हणून मुलगी तिच्यासोबत प्रयोगशाळेत आली होती. तळघरात वजनदार आणि मिस्त्री भिंतीवरच्या आकड्यासमोर उभे होते.

"बाई, आत कोणाला पाठवलंय?"

"कोणालाच नाही."

वजनदार आकड्याकडे बघत राहिले. एरवी त्यांनी हात चोळत पैज लावली असती. "एक मोठं माणूस आहे," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि एक लहान." मग त्यांना वर काहीतरी काम आठवलं आणि ते निघून गेले.

ती मुलीचा हात धरून पहिल्या दारातून आत गेली. ते लागलं. चिंचोळ्या जागेत दोघी उभ्या राहिल्या. आतलं दार जाड होतं, पण त्याला कान लावला तर आवाज येत होता. धप्प-टप. धप्प-टप. थोडं थांबून, पुन्हा. लहान मूल वेळ घालवायला भिंतीभिंतीने चालतं तसं.

तिने काचेला डोळा लावला.

आतला दिवा मंद होता. दगडी मेजाच्या पलीकडे एक मूल पाठमोरं चाललं होतं, उजवीकडे कलत. अंगात स्वेटर, बाह्या जमिनीकडे लोंबणाऱ्या. खुर्चीजवळ एक बाई उभी होती. तिने हात पुढे केला, मूल तिच्याकडे गेलं, आणि तिने त्याला उचलून डाव्या कडेवर घेतलं. एवढ्या मोठ्या मुलाला उचलल्यावर तिचा खांदा खाली गेला, पण तो आधीपासूनच खाली होता. ती बाई रडत होती. रडताना ती मुलाच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि तिची मान दाराकडे वळायला लागली होती.

काचेपासून डोळा काढून ती उभी राहिली. आता आपण किंचाळू असं तिला वाटलं. तिने वाट बघितली. छातीत ठोके पडत होते, एकसारखे, ना लवकर ना उशिरा. तिला जे समजायचं ते समजलं होतं. समजून वाईट वाटायला जे लागतं, ते मात्र दाराच्या पलीकडे होतं.

आतून कोणीतरी दारावर तळहात मारला. दोनदा.

"चल," ती मुलीला म्हणाली.

बाहेर मिस्त्री खोळंबला होता. "मॅडम, ते लोक येतीलच. आकडा वीसवर नाही दिसला तर आपलं काही खरं नाही. काय करू?"

"मशीनचं तापमान खाली घ्या. वीस येईपर्यंत गार करा."

"किती वेळ?"

"आता कायमचंच."

त्याने कळ फिरवली. भिंतीपलीकडे यंत्राची घरघर वाढली. आकडा जागचा हलेना, मग हळूहळू उतरायला लागला. तिघं बघत उभी होती.

"आई, त्यांना गार लागेल," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं. पट्टीवरचा आकडा वाचावा तसं ती म्हणाली.

"रुळतील."

आकडा वीसवर येऊन थांबला.

८

पथकाने खोलीची फार तारीफ केली. इतकी नेमकी मोजणी त्यांनी कुठेच बघितली नव्हती.

संध्याकाळी दोघी घरी निघाल्या. पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट होता. जिना चढताना दोघींची पावलं एकदम पडत होती, त्यामुळे चढणारं एकच कोणी आहे असं वाटत होतं.

दाराच्या आत नवऱ्याच्या हातातली तार वाजायची थांबली.

"कोण आहे?"

"आम्हीच," दोघी एकदम म्हणाल्या.

तो दारापर्यंत आला होता, दाराखालच्या फटीत त्याची सावली दिसत होती. कडी काढायला त्याने बराच वेळ लावला. त्या दोघी न हलता उभ्या राहिल्या. त्यांना घाई नव्हती.